जुनी शाळा आणि तिच्यावरचा हक्क

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. ज्या घरांत अक्षरओळख होऊन दोन-तीन पिढ्याच लोटल्या, त्या घरांतील माणसांना एखाद्या जुनाट शाळेच्या भिंतींचे महत्त्व सांगायचे कशासाठी? मुलांना चांगला शिक्षक हवा, पुस्तके हवीत, वसतिगृह हवे. पडक्या भिंती जपून कोणाचे पोट भरणार आहे? हा प्रश्न रास्त आहे, आणि तो तुम्ही विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर मी भावनेच्या भरात देणार नाही. हिशेबाने आणि कायद्याने देणार आहे. त्यासाठी तुम्हांला काही काळ अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यांत यावे लागेल.

ती खेडी आपल्याला अगदीच परकी नाहीत. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी अलाबामा राज्यातील लोचापोका नावाच्या गावी कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या मुलांसाठी लाकडी फळ्यांची एक लहानशी शाळा उभी राहिली. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतील त्या समाजाची स्थिती व आपल्या अस्पृश्यांची स्थिती यांतील साम्य त्यांच्या नजरेस आणून दिले. तेव्हा ज्या प्रश्नाचा विचार आपण आज करणार आहोत, तो बाबासाहेबांच्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा नाही.

दुहेरी कर

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पण कायद्याने मोकळ्या झालेल्या माणसाला व्यवहारात पुन्हा बांधून टाकण्याची विद्या जगातील सर्व वरिष्ठ वर्गांना अवगत असते. १८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, गोऱ्यांची आणि काळ्यांची सोय निराळी ठेवली तरी ती समान असेल तर घटनेचा भंग होत नाही. ‘निराळी पण समान’ हे सूत्र तेथून निघाले. निराळेपणा लगेच अमलात आला. समानता मात्र कागदावरच राहिली. तीनच वर्षांनी, १८९९ साली, जॉर्जिया राज्यातील एका काउंटीचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासनाचा विभाग. तेथील शाळामंडळाने कृष्णवर्णीय मुलांचे हायस्कूल बंद केले होते आणि गोऱ्यांचे चालू ठेवले होते. यात हस्तक्षेप करण्यास न्यायालयाने नकार दिला. म्हणजे तीन वर्षांपूर्वी दिलेली समानतेची अटही गेली.

परिणाम काय झाला? काळा शेतकरी कर भरीत असे. त्या करातून गोऱ्यांच्या मुलांना विटांची शाळा मिळे आणि त्याच्या मुलांना चर्चच्या मागची खोली किंवा गळके खोपट मिळे. एकच आकडा सांगतो. दक्षिण कॅरोलायना राज्यातील क्लॅरेंडन काउंटीत १९४९–५० साली दर गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होता आणि दर काळ्या मुलामागे ४३ डॉलर. ही स्थिती पूर्वीची नव्हे, दुसरे महायुद्ध संपून चार वर्षे झाल्यानंतरची आहे. तेव्हा १९१० साली काय असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

अशा काळात टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शिकागोचे धनिक व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांना एक योजना सुचविली. रोझेनवाल्ड हे सिअर्स, रोबक या मोठ्या व्यापारी कंपनीचे अध्यक्ष होते. १९१२ साली आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी टस्कीगीच्या कार्यासाठी २५ हजार डॉलर दिले. त्यातील उरलेल्या थोड्या रकमेतून टस्कीगीच्या आसपास सहा ग्रामीण शाळा बांधून पाहाव्यात, असे वॉशिंग्टन यांनी सुचविले. लोचापोकाची शाळा ही त्यांतलीच. तिचा एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेंट झाला. त्यात रोझेनवाल्ड यांचे ३०० डॉलर होते. बाकीचे पैसे आणि श्रम गावाने दिले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही देणगी सरसकट दान म्हणून नव्हती. गाव पुढे येईल, आपला वाटा उचलेल आणि सरकारी शाळामंडळही आपला वाटा देईल, तरच रोझेनवाल्ड यांचा पैसा मिळे. १९३२ साली बांधकामाचे काम थांबले तोपर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा, शिक्षकांसाठी २१७ घरे आणि १६३ कार्यशाळा अशा मिळून ५,३५७ इमारती उभ्या राहिल्या होत्या. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. आता त्याची वाटणी पाहा. सरकारी करातून सुमारे १ कोटी ८१ लाख. रोझेनवाल्ड यांच्या निधीतून सुमारे ४३ लाख ६६ हजार. गोऱ्या लोकांच्या वर्गण्या सुमारे १२ लाख. आणि कृष्णवर्णीय लोकांच्या वर्गण्या सुमारे ४७ लाख २५ हजार.

म्हणजे कोट्यधीश दात्यापेक्षा शेतमजुरांनी अधिक पैसा दिला! आणि तो कोठून दिला? काही गावांत कापसाच्या शेताचा एक तुकडा ‘शाळेचा’ म्हणून राखून ठेवीत आणि त्यातील पीक शाळेसाठी विकीत. कोठे बायकांनी जेवणे रांधून विकली, कोठे पुरुषांनी स्वतःच्या रानातील झाडे तोडून लाकूड दिले, कोठे मजुरी फुकट केली. ज्याने कर भरला त्यानेच पुन्हा वर्गणी दिली. एकाच शाळेसाठी एकाच माणसाने दोनदा किंमत मोजली. इतिहासकार याला दुहेरी कर म्हणतात, आणि ते नाव अगदी यथार्थ आहे.

खिडक्यांचा अर्थ

या शाळांची बांधणी साधी होती, पण विचारपूर्वक केलेली होती. प्रारंभीचे नकाशे टस्कीगी येथील कृष्णवर्णीय वास्तुविशारद रॉबर्ट टेलर यांच्या देखरेखीखाली तयार झाले. खेड्यात वीज नव्हती. म्हणून एका बाजूला उंच उंच खिडक्यांची सलग रांग ठेवीत, आणि उजेड पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून यावा अशा रीतीने इमारत बसवीत. मुलाच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली पडू नये, इतका बारीक विचार त्या नकाशांत केलेला आढळतो. वर्गांमधील लाकडी भिंत सरकवता येई, म्हणजे संध्याकाळी तीच जागा गावाच्या सभेला मिळे.

ही शिक्षणपद्धती निर्दोष होती असे नाही. वॉशिंग्टन यांचा भर हस्तोद्योगाच्या शिक्षणावर होता. काळ्या मुलांना सुतारकाम आणि स्वयंपाक शिकवून उच्च विद्येपासून आणि राजकीय हक्कांपासून दूर ठेवले जाईल, अशी टीका डु बॉइस यांनी १९०३ पासूनच केली होती. ती टीका वजनदार होती, आणि आपणही ती विसरता कामा नये. परंतु शाळा एकदा उघडली की तिच्यात कोण काय शिकून बाहेर पडेल, हे नकाशा काढणाऱ्याच्या हाती राहत नाही. १९२८ पर्यंत दक्षिणेतील ग्रामीण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले या शाळांत शिकत होती. नागरी हक्कांच्या लढ्यातील अग्रणी आणि पुढे काँग्रेसचे सदस्य झालेले जॉन लुईस अलाबामातील अशाच एका शाळेत शिकले. लेखिका माया एंजेलू यांनीही अर्कान्सा राज्यातील अशाच शाळेत शिक्षण घेतले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दक्षिणेतील गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शिक्षणातील अंतर वेगाने कमी झाले. ग्रामीण कृष्णवर्णीयांच्या या प्रगतीत या शाळांचा वाटा मोठा होता, असा निष्कर्ष अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारी तपासून काढलेला आहे.

विजयानंतरचा लिलाव

१७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्याचा निकाल लागला. निराळी शाळा ही स्वभावतःच असमान असते, असे न्यायालयाने एकमताने ठरविले. क्लॅरेंडन काउंटीचा खटलाही याच निकालात समाविष्ट होता. मुलांना शाळेत नेण्यासाठी एक बस द्या, इतक्या साध्या मागणीतून तो खटला जन्मला होता. हा मानवी हक्कांचा मोठा विजय होता. पण विजयाची अंमलबजावणी कोणाच्या हाती होती? त्याच जुन्या शाळामंडळांच्या हाती. त्यांनी पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे चालढकल केली. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ पासून पाच वर्षे सर्व सरकारी शाळाच बंद ठेवल्या. काळी मुले गोऱ्यांच्या शेजारी बसण्यापेक्षा शाळाच नको, असा तो निर्धार! शेवटी १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाला शाळा उघडण्याचा मार्ग मोकळा करावा लागला.

एकत्रीकरण झाले तेव्हा बहुधा बंद पडली ती काळ्यांचीच शाळा. गोऱ्यांच्या शाळा चालू राहिल्या आणि काळी मुले तिकडे गेली. पुष्कळ कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. आता वकिलाच्या नजरेने एक मुद्दा पाहा. शाळा सरकारी व्यवस्थेचा भाग व्हावी म्हणून जमीन आणि इमारत शाळामंडळाच्या नावे करून देणे ही योजनेची अट होती. गावाने जमीन दिली, इमारत बांधली आणि खरेदीखत मंडळाच्या नावे करून दिले. त्यामागे हेतू चांगला होता. शाळा चालविण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, हा. परंतु शाळा बंद झाली त्या दिवशी कायद्याने मालक कोण ठरला? मंडळ. मंडळाने कित्येक इमारती लिलावात काढल्या. कोणी तेथे गवत साठविले, कोणी राहण्याचे घर केले, कोणी पाडून लाकूड नेले. काही गावांत लोकांनी पुन्हा वर्गणी केली आणि आपणच बांधलेली शाळा आपणच विकत घेतली. प्रथम कर, मग वर्गणी, मग लिलावाची बोली. एकाच शाळेची तिसऱ्यांदा किंमत!

त्या पाच हजारांहून अधिक इमारतींपैकी आज दहांतील एखादीच शिल्लक आहे. २००२ साली अमेरिकेतील वारसा-संरक्षणाच्या राष्ट्रीय न्यासाने या शाळांना सर्वाधिक धोक्यात असलेल्या स्थळांच्या यादीत घातले, तेव्हा कोठे देशाचे लक्ष तिकडे गेले. जानेवारी २०२१ मध्ये या शाळांच्या स्मृतीसाठी राष्ट्रीय उद्यान करता येईल काय, याचा अभ्यास करण्याचा कायदा झाला.

कागदाचे तीन प्रकार

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जुन्या शाळेला ‘ऐतिहासिक वास्तू’ म्हणून मान्यता मिळाली, असे वर्तमानपत्रात आपण वाचतो. पण मान्यता देणारा कोण आणि ती देऊन नेमके काय मिळते, हे विचारल्यावाचून त्या शब्दाला काही किंमत नाही. अमेरिकेत याचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे राष्ट्रीय नोंदवही. १९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची ही नोंदवही सुरू झाली. तिच्यात नाव येणे हा सन्मान आहे. केंद्र सरकारच्या पैशाने किंवा परवान्याने होणाऱ्या कामामुळे त्या स्थळाला बाधा येणार असेल, तर त्याचा विचार करावा लागतो. परंतु मालकाने स्वतःच्या पैशाने इमारत पाडायची ठरविली, तर केवळ या नोंदीने त्याला अडविता येत नाही. दुरुस्तीसाठी केंद्राची करसवलतही आहे, पण ती उत्पन्न देणाऱ्या इमारतीला. गावाच्या सभागृहासाठी जपलेल्या शाळेच्या पदरी ती सहसा पडत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे राज्याची नोंदवही किंवा रस्त्यावरील फलक. फलक माहिती देतो, पण छप्पर दुरुस्त करीत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे स्थानिक ऐतिहासिक वास्तूचा दर्जा. हा नगर किंवा काउंटी आपल्या उपविधीने देते, आणि खरी शक्ती येथे आहे. त्याची रीत बहुतेक ठिकाणी अशी असते: कोणी नागरिक किंवा संस्था अर्ज करते. अर्जात इमारतीचा इतिहास, नकाशा, छायाचित्रे आणि तिचे महत्त्व यांचे निवेदन जोडावे लागते. मालकाला नोटीस जाते. वारसा-समितीपुढे जाहीर सुनावणी होते. समिती शिफारस करते आणि निवडून आलेले मंडळ ठराव करते. एकदा दर्जा मिळाला की, समितीचा दाखला घेतल्यावाचून त्या इमारतीचे बाह्य रूप बदलता किंवा इमारत पाडता येत नाही. निदान पाडण्यापूर्वी ठरावीक मुदत थांबावे लागते. मालकावर असह्य आर्थिक बोजा पडत असेल तर त्याला ते सिद्ध करून सूट मागता येते. असा पहिला उपविधी १९३१ साली दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन शहराने केला. हा मालमत्तेच्या हक्कावर घाला नव्हे काय, हा वाद १९७८ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रेल्वे स्थानकाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेव्हा शहराचा कायदा न्यायालयाने वैध ठरविला.

या तीन प्रकारांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. व्हर्जिनियातील कंबरलँड काउंटीत पाइन ग्रोव्ह नावाची शाळा आहे. १९१७ साली बांधलेली आणि १९६४ साली बंद झालेली ही शाळा राष्ट्रीय नोंदवहीत आहे. पण २०१८ साली काउंटीच्या मंडळाने तिच्या शेजारच्या जमिनीवर एका मोठ्या कचरा डेपोच्या योजनेला अनुकूलता दर्शविली. शाळेचे माजी विद्यार्थी आणि त्यांची मुले-नातवंडे त्याविरुद्ध संघटित झाली. राष्ट्राने ज्या शाळेचा सन्मान केला, तिच्या दाराशी देशाचा कचरा यावा! यातून धडा कोणता? सन्मान राजधानीत मिळाला तरी निकाल गावात लागतो. शाळेला दर्जा देणारे मंडळ आणि शेजारच्या शेतात कचरा टाकण्याची परवानगी देणारे मंडळ एकच असते. त्या मंडळात आपला आवाज नसेल, तर भिंतीवरचा फलक आपले रक्षण करू शकत नाही.

तीन आक्षेप

या कार्याला तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही आक्षेप प्रामाणिक माणसे घेतात, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, ही शाळा अपमानाची खूण आहे. निराळेपणाची शाळा मोडण्यासाठी आम्ही लढलो; तीच शाळा आता जपायची काय? याचे उत्तर असे की, निराळेपणा हा राज्यकर्त्यांचा होता आणि शाळा ही लोकांची होती. दोहोंची गल्लत करू नका. भिंत पाडल्याने अपमान पुसला जात नाही. पुसला जातो तो अपमानाचा पुरावा. आणि पुरावा नाहीसा होण्यात कोणाचे हित असते, हे न्यायालयात पाऊल ठेवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उद्या कोणी म्हणेल, ‘त्या काळी सर्वांनाच सारखी शाळा होती; यांनाच शिक्षणाची आवड नव्हती.’ त्या वेळी सहा खिडक्यांची ती लाकडी शाळा आणि तिच्या वर्गणीची वही यांहून मोठा साक्षीदार कोण? २०२२ साली ब्राऊन खटल्याच्या राष्ट्रीय स्मारकात क्लॅरेंडन काउंटीतील दोन शाळा समाविष्ट झाल्या. एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची. दोन्ही शेजारी पाहिल्यावाचून न्यायालयाने काय मोडून काढले, हे कळत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. जुन्या भिंतींवर पैसा घालण्यापेक्षा मुलांच्या पुस्तकांवर घाला. मला हा आक्षेप अंशतः मान्य आहे. रिकामी, कुलूपबंद इमारत जपणे हे गरीब समाजाला परवडत नाही, आणि तसे करूही नये. पण या शाळा मुळातच संध्याकाळी सभेसाठी उघडता याव्यात अशा बांधलेल्या होत्या. जेथे लोकांनी त्या जपल्या तेथे कोठे अभ्यासिका, कोठे ज्येष्ठांचे केंद्र, कोठे संग्रहालय झाले आहे. उपयोग असेल तर इमारत टिकते. उपयोगाची योजना नसलेला अर्ज करूच नये.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि तो शासनाच्या बाजूने येतो. मूळ रूप शाबूत असल्याशिवाय वास्तूला दर्जा देऊ नये, असा नियम असतो. श्रीमंताचा वाडा मूळ रूपात राहतो, कारण त्याच्याजवळ तो सांभाळायला पैसा असतो. गरिबाच्या शाळेला कोणी पत्रा घातलेला असतो, कोणी खिडकी बुजविलेली असते, कोणी पडवी वाढविलेली असते. मग तिला सांगितले जाते, ‘तुझे मूळ रूप उरले नाही.’ म्हणजे गरिबी हाच अपात्रतेचा पुरावा ठरतो! समतेच्या दृष्टीने पाहणाऱ्या समितीने अशा बदलांकडे इतिहासाचा भाग म्हणून पाहिले पाहिजे. अर्ज करणाऱ्यानेही ते तसे मांडले पाहिजे.

आपला हिशेब

आता आपल्याकडे येतो. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारने त्या नकाराला पाठिंबा दिला. पुढे १८५८ साली सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत हे तत्त्व लंडनहून मान्य झाले, पण गावात ते उतरायला पिढ्या लागल्या. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. ब्राऊन निकालाच्या पस्तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पण त्या निराळ्या शाळांची घरे कोठे होती, त्यांत कोण शिकले, कोणी शिकविले, हे आज किती गावांना सांगता येईल?

पुण्यातील भिडे वाड्याचे पाहा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तेथे मुलींची शाळा सुरू केली. स्मारकासाठी अनेक वर्षे वाद आणि खटले चालले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शेवटचा अडथळा दूर झाला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती जीर्ण वास्तू पाडावी लागली. स्मारकाची जागा मिळाली, पण ज्या भिंतींनी त्या मुलींचे पाठ ऐकले त्या उरल्या नाहीत. वेळेवर संरक्षण मिळणे आणि उशिरा सन्मान मिळणे यांतील अंतर हे असे आहे.

याउलट साताऱ्याच्या शाळेचे उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव तेथे दाखल झाल्याची नोंद शाळेच्या रजिस्टरात राहिली. त्या एका ओळीच्या आधारावर २०१७ पासून महाराष्ट्र शासन तो दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. रजिस्टर गहाळ झाले असते तर तो दिवस कशाच्या आधारावर ठरला असता?

आपल्याकडे कायद्याचे मार्ग आहेत. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वास्तूंसाठी आहे, आणि त्याच धर्तीवर महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. त्यांखेरीज १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास-योजनेत ऐतिहासिक महत्त्वाच्या स्थळांच्या जतनाची तरतूद करण्यास वाव ठेवला आहे. १९९५ साली मुंबईसाठी वारसा-नियमावली झाली आणि तीत वास्तूंच्या श्रेणी ठरविण्यात आल्या. पण या याद्यांत आपल्या वस्तीतील शाळा, वसतिगृह, वाचनालय किती वेळा येते? येत नाही, कारण कोणी अर्ज करीत नाही. आणि अर्ज करीत नाही, कारण कागद जमविलेले नसतात.

म्हणून तुम्हांला माझे सांगणे व्यवहाराचे आहे. तुमच्या गावात ज्या जुन्या शाळेत, रात्रशाळेत किंवा वसतिगृहात आपली माणसे प्रथम शिकली, तिची वही आजच उघडा. जमिनीचा सातबारा आणि फेरफार काढून मालकी कोणाची आहे ते पाहा. शाळामंडळाच्या नावे खत करून देणाऱ्या त्या अमेरिकन गावांचे काय झाले, ते तुम्ही ऐकलेच आहे. जनरल रजिस्टरमधील जुन्या पानांच्या नकला मुख्याध्यापकांकडे रीतसर अर्ज करून मागा. वर्गणीच्या पावत्या, सभेची पत्रके, जुनी छायाचित्रे जपा, आणि प्रत्येकाच्या मागे तारीख व नाव लिहा. जे वृद्ध स्त्रीपुरुष आज हयात आहेत, त्यांच्याकडून ते कोठे बसत, पाणी कोण वाढी, पाटी कोणी घेऊन दिली, हे विचारून लिहून घ्या आणि त्यांची सही किंवा अंगठा घ्या. ग्रामसभेत ठराव मांडा. त्यानंतर अर्ज करा. आणि अर्जात ज्याने मोठी देणगी दिली त्याच्याच नावावर थांबू नका. ज्या बाईने आठवड्याची मजुरी दिली तिचेही नाव लिहा. अमेरिकेत त्या शाळांना एका दात्याचे नाव मिळाले. दाता मोठ्या मनाचा होता, हे खरे. पण वर्गणीच्या हिशेबात शेतमजुरांचा आकडा त्याच्या आकड्याहून मोठा आहे. तो आकडा आज आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणीतरी हिशेब नीट लिहून ठेवला होता.

बंधुभगिनींनो, इमारतीला दर्जा देणे हे सरकारचे काम आहे. ती आपण बांधली, हे सिद्ध करणे आपले काम आहे. ज्यांच्या पूर्वजांना जमिनीवर नाव लावता आले नाही, त्यांनी निदान शाळेच्या इतिहासावर तरी आपले नाव लावून घ्यावे. हा हक्क कोणी देणार नाही. तो कागदाने, साक्षीने आणि ठरावाने मिळवावा लागेल. आणि तो मिळविण्यासाठी लागणारी अक्षरे त्या जुन्या शाळेनेच आपल्याला दिली आहेत.